प्रश्नातले क्रियापद आधी वाचावे
वाचकांचे प्रश्न : अभ्यासाचे निबंधलेखन

महाविद्यालयांतील असाइनमेंट जमा करण्याच्या तारखा जवळ आल्या की या सदराकडे निबंधलेखनाविषयीची पत्रे येऊ लागतात. या महिन्यात ती इतकी आली की संपूर्ण सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. कोल्हापुरात इतिहास शिकवताना आणि उत्तरपत्रिका तपासताना जे ध्यानात आले, त्याच्या आधारे ही उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : दहावीपर्यंत निबंधात मला नेहमी उत्तम गुण मिळत. 'पूरग्रस्ताचे मनोगत' हा माझा निबंध शाळेत सर्वांसमोर वाचून दाखवला होता. आता बी. ए. च्या दुसऱ्या वर्षी भूगोलाच्या असाइनमेंटमध्ये पंचगंगेच्या पुराविषयी लिहिताना मी तशीच सुरुवात केली, तर 'लेखन छान आहे, पण यात विश्लेषण कुठे आहे?' असा शेरा मिळाला. अभ्यासाच्या निबंधाचे प्रकार किती आणि ते ओळखायचे कसे? (विद्यार्थिनी, गारगोटी)

उत्तर : तुमच्या शालेय निबंधात काही चूक नव्हती, हे आधी सांगते. शाळेत आपण वर्णनात्मक, प्रसंगलेखन, आत्मवृत्त, कल्पनाप्रधान आणि वैचारिक असे प्रकार शिकतो. ही विभागणी लेखनाच्या रूपावरून केलेली असते : कोण बोलत आहे, घडलेले सांगत आहे की कल्पिलेले. महाविद्यालयात विभागणीचा पायाच बदलतो, आणि तो बदलला आहे हे विद्यार्थ्यांना बहुधा कोणी सांगत नाही, याची मला नेहमी खंत वाटते. तेथे निबंधाचा प्रकार ठरतो तो हातातल्या माहितीवर तुम्ही कोणते काम करणार आहात यावरून, आणि ते काम प्रश्नाच्या शेवटी असलेले क्रियापद सांगते. 'वर्णन करा', 'स्पष्ट करा', 'कारणमीमांसा करा', 'तुलना करा', 'मूल्यमापन करा', 'तुमचे मत साधार मांडा' ही सहा वेगवेगळी कामे आहेत. विषय एकच असला तरी त्यांतून सहा वेगळे निबंध तयार होतात.

तुमचाच विषय घेऊ. 'पंचगंगेच्या पुराचे वर्णन करा' असे विचारले असेल, तर कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या, व परंपरेने पाचवी मानलेली सरस्वती, यांचा प्रयाग चिखली येथील संगम, तेथून कोल्हापूरच्या कडेने नृसिंहवाडीला कृष्णेस मिळेपर्यंतचा प्रवाह, राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर असलेली इशारा पातळी आणि ४३ फुटांवरची धोका पातळी, पाण्याखाली जाणारा परिसर, हे सर्व वाचकाच्या डोळ्यांपुढे क्रमाने उभे राहिले पाहिजे. येथे तुमची शाळेतली लेखणी उपयोगी पडेल, फक्त भावनेच्या जागी मोजमाप येईल.

'पूर कसा येतो ते स्पष्ट करा' असा प्रश्न आला की काम बदलते. आता दृश्य महत्त्वाचे राहत नाही. त्यामागची प्रक्रिया उलगडावी लागते. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोचले की आपोआप उघडतात, विसर्ग भोगावतीत येतो, तो पंचगंगेत उतरतो. आणि त्याच वेळी कृष्णा दुथडी भरून वाहत असेल, तर नृसिंहवाडीला पंचगंगेचे पाणी पुढे सरकू शकत नाही व त्याचा फुगवटा मागे येतो. शहरातला पाऊस थांबल्यावरही पाणी का चढते, असे एखाद्या परक्या पाहुण्याने विचारले, तर तुमचा निबंध वाचून त्याला ते कळले पाहिजे. या प्रकाराला स्पष्टीकरणात्मक किंवा विवरणात्मक निबंध म्हणतात. यात स्वतःचे मत मांडण्याची गरज नसते, आणि ते आवरणेच विद्यार्थ्यांना सर्वांत जड जाते.

तुमच्या शिक्षकांनी मागितलेले विश्लेषण याच्या पुढची पायरी आहे. विश्लेषण म्हणजे विषय सुटा करून त्याच्या भागांचे परस्परसंबंध दाखवणे. अतिवृष्टी, धरणांतील विसर्गाची वेळ, पूररेषेच्या आतील बांधकामे, पुलांचे व रस्त्यांचे भराव, कृष्णेचा फुगवटा ही कारणांची यादी झाली. यादी म्हणजे विश्लेषण नव्हे. यांपैकी पूर कशामुळे येतो आणि आलेला पूर कशामुळे वाढतो किंवा रेंगाळतो, हे वेगळे काढावे लागते. पाऊस पडला नाही तर भराव एकटा पूर आणू शकत नाही. भराव नसता तर त्याच पावसाचे पाणी कदाचित लवकर ओसरले असते. असे एक वाक्य लिहिलेत की विश्लेषणाला सुरुवात झाली.

निबंध हा शब्दच या कामाकडे बोट दाखवतो. बंध म्हणजे बांधणे. धर्मशास्त्राच्या परंपरेत निरनिराळ्या ग्रंथांतील वचने विषयवार एकत्र करून आणि त्यांतील विरोधाचा निर्णय लावून रचलेल्या ग्रंथांना निबंध म्हणत. फ्रान्समध्ये मोंतेन्य या लेखकाने १५८० मध्ये आपल्या लेखनाला दिलेल्या 'एसे' (इंग्रजीतला 'essay') या नावाचा अर्थ 'प्रयत्न', 'करून पाहणे' असा होतो. ललित लेखनाला तो अर्थ शोभतो. अभ्यासाच्या लेखनाला आपला शब्द अधिक चपखल बसतो, असे माझे मत आहे. असाइनमेंट पुन्हा लिहिताना पूरग्रस्ताचे मनोगत टाकून देऊ नका. त्याने जे सोसले त्यामागची कारणे कोणत्या क्रमाने घडली, हा प्रश्न कागदाच्या डोक्यावर लिहा आणि त्याचेच उत्तर द्या.

प्रश्न : 'राजर्षी शाहू महाराजांच्या १९०२ च्या आरक्षणविषयक आदेशाचे मूल्यमापन करा' या प्रश्नाला मी नऊ पाने लिहिली. महाराजांचा जन्म, राज्यारोहण, वसतिगृहे, शिक्षणाचा कायदा, सगळे अचूक होते. तरीही निम्मेच गुण मिळाले. (विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या पत्रातील नाराजी मला समजते, कारण ती एकेकाळी माझीही होती. मी विद्यार्थिनी असताना एका प्राध्यापकांनी माझी ट्युटोरियलची वही परत देताना समासात तीनच शब्द लिहिले होते : 'तुमचे म्हणणे काय?' मी सगळी माहिती दिली होती, त्यामुळे तो शेरा मला अन्यायाचा वाटला होता. पुढे स्वतः वह्या तपासू लागले तेव्हा त्याचा अर्थ कळला.

मूल्यमापनात्मक निबंधाला निकष लागतो. कोणत्या मापाने मोजायचे हे आधी सांगितल्याशिवाय 'क्रांतिकारक', 'युगप्रवर्तक' ही विशेषणे कितीही वेळा लिहिली तरी त्यांना वजन येत नाही. या आदेशापुरते बोलायचे तर निदान तीन निकष घेता येतील. पहिला, त्या काळच्या परिस्थितीशी आदेश किती थेट भिडतो. १८९४ मध्ये महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा संस्थानाच्या सामान्य प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने मोकळ्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. आजारावर नेमका उपाय केला गेला का, हे या दोन आकड्यांना शेजारी ठेवून तपासता येते. दुसरा निकष अंमलबजावणीचा. हा आदेश म्हणजे सदिच्छेचे निवेदन नव्हते. ज्या कार्यालयांत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी आणि केलेल्या नेमणुकांचे विवरणपत्र खातेप्रमुखांनी दर तिमाहीस सादर करावे, अशी तजवीज त्यातच होती. महाराज त्या वेळी इंग्लंडमध्ये होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही तिमाही तपासणी किती महत्त्वाची होती ते उमगते.

तिसरा निकष मर्यादांचा, आणि येथे विद्यार्थी बिचकतात. आदरणीय व्यक्तीच्या कार्याची मर्यादा सांगणे म्हणजे अनादर करणे, असे आपल्याला वाटते. परंतु राखीव जागा भरायला शिकलेली माणसे लागतात, आणि ती नसतील तर आदेश कागदावर राहतो, ही अडचण निबंधात स्पष्ट मांडलीत तरच १९०१ पासून सुरू झालेल्या वसतिगृहांचा आणि १९१७ मधील सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा तुमच्या निबंधातील उल्लेख सार्थ ठरेल. तुम्ही ते सर्व लिहिले होते, पण वेगळ्या परिच्छेदांत, चरित्राचा भाग म्हणून. तीच माहिती 'या मर्यादेवर महाराजांनी काय केले' या प्रश्नाखाली आली असती, तर नऊ पानांचे काम पाच पानांत झाले असते. जन्मतारीख आणि राज्यारोहणाचा सोहळा यांना या निबंधात जागाच नाही.

प्रश्न : अर्थशास्त्राच्या विषयासाठी 'गुऱ्हाळ आणि साखर कारखाना यांची तुलना करा' असा प्रश्न आहे. मधोमध रेघ मारून दोन रकाने केले तर चालेल का? (विद्यार्थी, कागल)

उत्तर : टिपणवहीत चालेल, आणि तेथे ते अवश्य करा. निबंधात मात्र दोन रकाने वाचकाच्या हाती देणे म्हणजे तुलनेचे काम त्याच्यावर सोपवणे होय.

तुलनात्मक निबंध दोन रीतींनी बांधता येतो. आधी गुऱ्हाळाविषयी सगळे, मग कारखान्याविषयी सगळे, ही एक रीत. एकेक मुद्दा घेऊन त्यात दोन्हींचा विचार करायचा, ही दुसरी. लहान निबंधाला पहिली रीत पुरते, परंतु पाच-सहा पानांत दुसरा भाग वाचेपर्यंत पहिला विसरला जातो, म्हणून तुमच्यासाठी मी दुसरी सुचवीन. मुद्दे निवडताना दोघांना समान असलेली भूमी शोधा. येथे ती म्हणजे ऊस. त्याच उसाचा रस गुऱ्हाळात काहिलीत आटवला जातो, वर येणारी मळी काढली जाते आणि पाक तयार झाला की नाही हे गुळव्या आपल्या अनुभवावरून ठरवतो. कारखान्यात रस शुद्ध करून यंत्रांनी आटवतात, साखरेचे दाणे वेगळे काढतात आणि मागे राहणाऱ्या दाट द्रवालाही मळीच म्हणतात. एकच शब्द दोन ठिकाणी दोन वेगळ्या वस्तूंना लावला जातो, हे पहिल्या परिच्छेदातच स्पष्ट करा. तुलनेत शब्दांचे अर्थ निश्चित केले नाहीत तर पुढचे सर्व विवेचन घसरते.

यानंतर कौशल्य कोणाच्या हातात आहे, भांडवल किती लागते, मालाला भाव कोठे ठरतो असे मुद्दे येतील. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही माहिती बाजाराच्या मुद्द्याखाली ठेवा, प्रस्तावनेत शोभेसाठी नको. आणि तुलना कशासाठी करत आहात हे सुरुवातीलाच सांगा. शेतकऱ्याने ऊस कोठे घालावा हे ठरवायचे असेल तर एक निबंध होईल. गुळव्याचे कौशल्य टिकेल का हे पाहायचे असेल तर दुसराच होईल.

प्रश्न : 'अलमट्टी धरणाची उंची वाढवण्याविषयी तुमचे मत साधार मांडा.' आमच्या गावात दोनदा पाणी आले आहे, त्यामुळे माझे मत ठाम आहे. परंतु मैत्रीण म्हणते, अभ्यासाच्या निबंधात दोन्ही बाजू सारख्याच मांडाव्या लागतात. (विद्यार्थिनी, शिरोळ तालुका)

उत्तर : तुमची मैत्रीण चर्चात्मक निबंधाविषयी बोलत आहे आणि तुम्हाला विचारलेला निबंध प्रतिपादनात्मक आहे. 'चर्चा करा' म्हटले असते तर दोन्ही बाजू तोलून दाखवणे हेच काम असते. 'मत साधार मांडा' या शब्दांत मताइतकाच भर 'साधार' या शब्दावर आहे.

या प्रकारासाठी आपल्याकडे एक जुनी शिस्त आहे. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे, आधी मांडतात आणि तो इतक्या ताकदीने मांडतात की वाचकाला क्षणभर तोच पटावा. त्यानंतर उत्तरपक्ष, म्हणजे त्याला दिलेले आपले उत्तर, येतो. पूर्वपक्ष मुद्दाम लेचापेचा मांडून खोडून काढणे हा लबाडीचा मार्ग आहे आणि जाणकार परीक्षक तो लगेच ओळखतो. तुमच्या विषयात, म्हणजे कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या बाबतीत, पूर्वपक्ष भक्कम आहे. २०१९ च्या महापुरानंतर राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती आणि २०२० मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने त्या पुरासाठी अलमट्टीला जबाबदार धरले नाही. महाराष्ट्राच्याच समितीचा हा निष्कर्ष असल्यामुळे तो टाळून तुम्हाला पुढे जाता येणार नाही.

मग मत सोडून द्यायचे का? मुळीच नाही, ते नेमके करायचे. 'अलमट्टीमुळेच आमच्याकडे पूर येतो' हे विधान या अहवालापुढे टिकवणे कठीण आहे. परंतु धरणाची साठवण पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा कर्नाटकाचा प्रस्ताव आहे, आणि समितीने विचार केला तो एका घडून गेलेल्या पुराचा. वाढीव पातळीचा परिणाम वरच्या भागात कुठवर पोचेल, याचा दोन्ही राज्यांना मान्य होईल असा अभ्यास झाल्याशिवाय उंची वाढवू नये, हे विधान तुम्ही पुराव्यानिशी लढवू शकता. विधान जितके अरुंद, तितके ते भक्कम.

घरात पाणी शिरल्याचा तुमचा अनुभव खरा आहे आणि त्याला निबंधात जागा आहे, पण ती एका वाक्याची. प्रश्न कोणासाठी जिव्हाळ्याचा आहे हे त्या वाक्याने कळेल. पाणी अलमट्टीमुळे आले हे मात्र त्याने सिद्ध होणार नाही.

प्रश्न : मुलगी एम. ए. करते. निबंध, शोधनिबंध, लघुशोधप्रबंध, प्रबंध हे शब्द घरात सतत ऐकू येतात. यांत फरक केवळ पानांचा आहे का? (पालक, इचलकरंजी)

उत्तर : पानांचा फरक असतोच, पण मुख्य फरक अपेक्षेचा आहे. निबंधात उपलब्ध माहितीची नीट मांडणी आणि विचार पुरेसा असतो. शोधनिबंधात आधीच्या अभ्यासकांनी काय म्हटले ते सांगून त्यात स्वतःची एखादी भर घालावी लागते, मग ती लहान का असेना. लघुशोधप्रबंध हा पदव्युत्तर पातळीवर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेला मोठा अभ्यास आणि प्रबंध हा पीएच. डी. साठीचा. मुलीला एवढेच विचारा की तिच्या लेखनातील कोणती गोष्ट तिच्याआधी कोणी सांगितली नव्हती. ती काय लिहीत आहे ते तिच्या उत्तरावरून तुम्हाला कळेल.

प्रश्न : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या निबंधाच्या पेपरची तयारी करत आहे. तेथे तर क्रियापदच नसते, नुसते एखादे वचन दिलेले असते. तो निबंध कोणत्या प्रकारात मोडतो? (उमेदवार, कोल्हापूर)

उत्तर : फार चांगली शंका आहे. मुख्य परीक्षेतील हा पेपर २५० गुणांचा असतो, तीन तासांत दोन विभागांतून एकेक असे दोन निबंध लिहायचे असतात आणि ते मराठीतही लिहिता येतात. विषयाला धरून राहणे, विचारांची सुसंगत मांडणी, आटोपशीरपणा आणि नेमकी, परिणामकारक अभिव्यक्ती या आयोगाच्या अपेक्षा आहेत. विषय वचनाच्या रूपात असतो, म्हणून क्रियापद तुम्हालाच निवडावे लागते, आणि बहुतेक उमेदवार ते न निवडताच लिहायला बसतात. मग इतिहास, समाज, अर्थकारण, पर्यावरण असे ठरलेले परिच्छेद एकापाठोपाठ एक येतात आणि वचन मात्र जागच्या जागी राहते.

पहिली दहा-पंधरा मिनिटे कच्च्या पानावर घालवा. वचनातील प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाचा तुम्ही घेतलेला अर्थ लिहा, मग ते वचन कोठे खरे ठरते आणि कोठे अपुरे पडते ते लिहा. असा निबंध स्पष्टीकरणाने सुरू होतो, मध्यावर विश्लेषण करतो आणि शेवटी प्रतिपादनाकडे जातो. म्हणजे तो मिश्र प्रकारचा असतो. पाठ केलेली सुरुवात, मग ती संतवचनाची असो की इंग्रजी अवतरणाची, कोणत्याही विषयाला चिकटवता येत असेल, तर ती या विषयाची नाही असे समजून काढून टाका.

प्रश्न : बी. एड. च्या आंतरवासितेनंतर चिंतनात्मक निबंध लिहायचा आहे. आजवर 'मी' लिहू नका असे सांगितले गेले, आता 'मी' लिहा असे सांगतात. नेमके काय करावे? (विद्यार्थिनी-शिक्षिका, पन्हाळा)

उत्तर : येथे 'मी' लिहायलाच हवे, कारण या निबंधाची सामग्री तुमचे स्वतःचे काम हीच आहे. इतर प्रकारांत 'मी' टाळायला सांगतात ते पुराव्याच्या जागी आवडनिवड येऊ नये म्हणून. चिंतनात्मक निबंधात धोका वेगळा आहे : तो रोजनिशी होऊन बसतो. 'मला खूप शिकायला मिळाले' हे वाक्य मी शेकडो अहवालांत वाचले आहे आणि काय शिकायला मिळाले ते त्यांतल्या फार थोड्यांनी लिहिले होते.

एकच तास निवडा, शक्यतो फसलेला. समजा, सहावीच्या वर्गात अपूर्णांकांची बेरीज शिकवताना मुलांनी छेदांचीही बेरीज केली. तुम्ही काय शिकवले, मुलांनी काय लिहिले, ती चूक तुमच्या कोणत्या उदाहरणामुळे घडली असावी, दुसऱ्या दिवशी तुम्ही भाकरीचे तुकडे करून दाखवलेत तेव्हा किती मुलांचे उत्तर बदलले आणि ज्यांचे बदलले नाही त्यांच्यासाठी पुढच्या वेळी काय कराल, हे त्याच क्रमाने लिहा. मुलांच्या वहीतील ती चुकीची बेरीज जशीच्या तशी निबंधात उतरवून घ्या.